घरचा आकडा

मलकापुरात आकडे दोन प्रकारचे असत, एक बाजारचा आणि एक घरचा. वखारीत शंभर पोती असली की बाजारात दोनशे सांगायची, हे तिथल्या पोराला बाराखडीच्या आधी येई. यात आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. सांगणारा दुप्पट सांगे, ऐकणारा निम्मं करून ऐके, आणि खरं काय ते दोघांनाही बिनबोभाट कळे. स्टेशनमास्तरकडे आठ वॅगनी मागितल्या की तो चार देई, आणि लागत असत त्याही चारच. मुंबईच्या जहाज कंपनीत तर वझे नावाचे एक कारकून आख्ख्या नोकरीभर मलकापूरची पत्रं निम्मी करत बसले होते. त्यांचं तोंड गावात कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या अकलेवर सगळ्यांचा विश्वास होता.

घरचा आकडा मात्र घरच्यालाच सांगायचा. बायकोला सांगायचा, भावाला सांगायचा, तोही भाऊ धड असेल तर. ज्याला घरचा आकडा सांगितला त्याला आपलं मानलं, एवढी त्या आकड्याची किंमत होती.

झुंबरबाईला घरचा आकडा सांगणारं गावात एकच माणूस होतं, आणि ते तिच्या घरचं नव्हतं. तिच्या तेलगिरणीला लागून, भिंतीपलीकडे, बशीरभाईची तेलगिरणी होती. दोन्ही गिरण्यांत सरकी गाळून तेल काढत आणि मागे उरणारी पेंड पोत्यांत भरत. थोडी पेंड इथले बैल खात, बाकीची मुंबईहून जहाजानं विलायतेला जाई आणि तिथल्या गाई खात. दोन गिरण्यांमधल्या भिंतीत झुंबरबाईच्या नवऱ्यानं, जानरावनं, एक दिंडी ठेवली होती. वाकून जावं लागेल एवढंच ते दार. तिला कडी दोन्ही बाजूंनी होती, पण कुणी कधी लावत नसे.

बाई मूळची संशयी नव्हती. तिला तसं केलं तिच्या दिरांनी. जानराव गेला तेव्हा तेरावा व्हायच्या आतच दोघे दीर वखारीच्या किल्ल्या हुडकत घरभर फिरले, आणि तोंडानं मात्र ‘वहिनी, काही काळजी करू नका’ म्हणत राहिले. तेव्हापासून कुणी काळजी करू नका म्हटलं की बाईला नेमकी काळजी लागे. दूधवाल्यानं वर धार जास्त घातली तर ती पाणी किती ते बघे. देवळात पुजाऱ्यानं हातावर मोठा पेढा ठेवला तर याचं काय अडलंय, असं तिच्या मनात येई. गाव मागून हसायचं आणि समोर वचकून असायचं. एकटीनं गिरणी चालवायची म्हणजे एवढं तरी पाहिजेच.

पण त्याच तेराव्याला बशीरभाई दिंडीतून वाकून आत आला होता. दीर ओसरीवर होते म्हणून तो दबक्या आवाजात म्हणाला होता, “भाभी, जानरावभाऊचे साडेतीनशे पोते माह्या वखारीत ठेवेल हायेत. कोनाले ठाऊक नाई. तुमाले सांगून ठेवतो.”

गप्प बसला असता तर ती पोती त्याचीच होती. विचारायला जानराव काही परत येणार नव्हता. त्या पोत्यांवर बाईनं गिरणी पुन्हा सुरू केली, दिरांना उंबऱ्याबाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून दर हंगामात बशीरभाई दिंडीत उभा राहून आपला आकडा सांगे आणि ती आपला. दोन्ही घरचे. बशीरभाईची बायको शाहजादी तिला आपल्याच घरातल्या पितळी पेल्यात चहा देई, आणि गावानं नाकं मुरडली तरी बाई तो भिंतीला टेकून सावकाश पिई.

अशी घडी नीट बसलेली असताना मुंबईला यंत्र आलं.

सुएझचा कालवा लढाईत बंद पडला होता, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. विलायतेची जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जात. एक जहाज गेलं की महिनोन्‌महिने तोंड दाखवत नसे, आणि जहाजाच्या पोटातल्या जागेसाठी व्यापाऱ्यांची हमरीतुमरी चाले. त्यातच वझे निवृत्त झाले आणि कंपनीनं टिपणीस नावाचा एक तरुण माणूस मलकापूरला पाठवला. जिनिंग कारखान्याच्या आवारात सतरंजी टाकून सभा भरली. टिपणीसनं खिशातून भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं एक कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं.

“आता जागेची वाटणी कॉम्प्युटर करणार,” तो म्हणाला. “कुणाचा माल किती, कधी तयार होणार, त्यात ओल किती, कुठल्या बंदराला जायचा, हे सगळं आम्ही अशा कार्डांवर भोकं पाडून त्याला देतो. मग कुठलं जहाज कधी निघेल, आधी कुठल्या बंदराला लागेल, कुणाची पोती तळाला आणि कुणाची वर, हे तोच ठरवतो. शेवटच्या बंदराचा माल आधी भरायचा, पेंड इंजिनाच्या भिंतीपासून लांब ठेवायची, नाहीतर ती तापते, हे सारं त्याला आधीच शिकवून ठेवलंय. त्या शिकवणीला प्रोग्राम म्हणतात.”

यंत्र खोलीएवढं आहे आणि त्याला थंड हवेत ठेवावं लागतं, हे ऐकून मागून कुणीतरी ओरडलं, “अरे बाप्पा! आमाले पंखा नाई अन् त्याले थंडी पाह्यजे!”

सभा हसली. झुंबरबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, “साहेब, त्या यंत्राले शिकोलं कोनं?”

“आमच्याच लोकांनी, बाई.”

“अन् थे लोक कोनाचे?”

टिपणीस कार्ड खिशात घालू लागला. सभा आणखी जोरात हसली, पण बाईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. वझे निम्मं करतात हे ठाऊक होतं. हा भोकाभोकांचा पुठ्ठा काय करणार, कुणी सांगावं?

संध्याकाळी शालिग्राम मुनीम स्टेशनावरून आला तो बातमी घेऊनच. शालिग्राम माणूस इमानी होता, पण बातमीला फोडणी दिल्याशिवाय ती त्याला गिळवत नसे.

“बाई, बशीरभाई अन् तो मुंबईवाला साहेब टेसनावर चहा पिऊन राह्यले होते. डोक्याले डोकं लावून. दोन-दोन चहा झाले. गाडी आली, साहेब डब्यात चढला, तरी बशीरभाई खिडकी धरून बोलूनच राह्यला. गाडी हालली तवा कुठी सोडली त्यानं.”

“काय बोलत होता?”

“थे नाई आयकू आलं. पर मोठ्यानं बोलाची गोष्ट असती तं हळू काऊन बोलले असते?”

बाईनं त्याला गप्प केलं. बशीरभाईबद्दल असलं काही ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. मात्र पाल गप्प बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बशीरभाई दिंडीतून आला. उंच माणूस, वाकून आत आला की क्षणभर कंबर धरून उभा राही. नेहमीसारखी कंबर धरली आणि म्हणाला, “भाभी, यंदा बाजारचा आकडा नोका लिहू. मी त्या साहेबाले खोदून खोदून इचारलं. थे यंत्र कापत नाई. जेवढं लिहान तेवढं खरं मानते.”

“तुमी किती लिहून राह्यले?”

“पंधराशे. हायेत तितके.”

“बरं,” बाई म्हणाली.

बशीरभाई गेल्यावर ती वखारीच्या पायरीवर बसली. तिच्याकडे पेंडीची हजार पोती होती. नेहमीप्रमाणे दोन हजार लिहायची, हजारांची जागा मिळवायची, एवढं सरळ काम. आणि हा सांगतोय की हजारच लिही. माणूस दुसऱ्याला कमी माग म्हणतो तेव्हा त्याला स्वतःला जास्त हवं असतं, हे तिला दिरांनी शिकवलं होतं. तेही असंच गोड बोलत. तिनं हजार लिहायची, यंत्रानं वझ्यांसारखी पाचशे करायची, आणि तिची उरलेली जागा कुणाच्या पोत्यांना जाणार? जो साहेबाच्या डब्याची खिडकी धरून उभा होता त्याच्या.

आपण कुणाबद्दल हा विचार करतोय हे तिला कळत होतं. बशीरभाई फिरला असेल तर या गावात आपल्याला आपलं म्हणायला कुणी उरत नाही, एवढाच विचार तिला येत राहिला, आणि जितका तो येई तितका संशय घट्ट होई. फसण्यापेक्षा आधीच सावध झालेलं बरं, असं तिनं स्वतःला समजावलं.

“शालिग्राम,” ती उठून म्हणाली, “तीन हजार लिही.”

शालिग्रामनं टाक दौतीतच ठेवला. “बाई, दोनच लिहितो ना! दरसाल दोनच लिहितो आपन.”

“थे मानूस होतं. हे यंत्र हाये. थे एकदा कापते का दोनदा, तुले ठाऊक हाये का? तीन लिही.”

कंपनीचं उत्तर आलं ते एका लांबलचक कागदावर. कागदाच्या दोन्ही काठांना भोकांची रांग होती आणि अक्षरं अशी होती की कुठल्याच माणसानं लिहिल्यासारखी वाटत नव्हती. शालिग्रामनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा पुसला.

“तीन हजार, बाई. समदे मंजूर. एकाच जहाजात, एकाच कप्प्यात.”

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तेव्हा आंधळ्यानं नाचावं अशी रीत आहे. झुंबरबाई नाचली नाही. तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. उभ्या जन्मात तिला मागितलं तेवढं कुणी दिलं नव्हतं. माहेरच्यांनी नाही, सासरच्यांनी नाही, स्टेशनमास्तरनं तर नाहीच. मागितलेलं सगळं पदरात पडतं तेव्हा दोनच गोष्टी असू शकतात, देणारा मूर्ख असतो नाहीतर घेणारा फसलेला असतो. मुंबईची कंपनी मूर्ख नव्हती.

खाली बारीक अक्षरात आणखी होतं. जो घेतलेली जागा भरणार नाही त्याला वर्षभर कुठल्याच जहाजात जागा नाही. वर्षभर पेंड पडून राहिली म्हणजे गिरणीला कुलूपच. आणि संध्याकाळपर्यंत दुसरीही बातमी आली. मलकापूरच्या बऱ्याच लोकांना या जहाजात जागा मिळालीच नव्हती, त्यांना पुढच्या जहाजाची वाट बघायची होती. त्यांत बशीरभाई होता.

आता कुणाही सरळ माणसाला यात बशीरभाईचं नुकसानच दिसलं असतं. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. बाईला वाटलं, आपला आकडा एवढा फुगेल आणि आपण तोंडघशी पडू, हे त्यानं साहेबाशी बसून आधीच ठरवलं असणार. नाहीतर त्याला स्वतःला जागा मिळाली नाही तरी तो इतका शांत कसा?

तो शांतच होता. दोन दिवसांनी दिंडीतून आला, कंबर धरली, आणि ‘मी सांगितलं होतं’ असा एक शब्दही न काढता म्हणाला, “भाभी, तुमचे हजार, माहे पंधराशे. तुमच्या जागेत माहा माल जाऊ द्या. तुमचंबी भागते, माहंबी भागते. पुढच्या जहाजापर्यंत पडून राह्यली तं पेंडीले बुरशी लागन.”

हे ऐकलं आणि बाईला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. असं आहे तर! हिच्या गळ्यात जागा बांधायची आणि मग आपला माल हिच्या नावावर विलायतेला पाठवायचा. माल ओला निघाला, जहाजात तापला, तर पोत्यावर छाप कुणाची? झुंबरबाईची.

“पाहून घेऊ ना,” ती म्हणाली. “शालिग्राम, भाईच्या वखारीत जा. पोते मोज. सळई खुपसून ओल पाह्य.”

दिंडीतल्या आकड्याची मोजणी आजवर झाली नव्हती. मोजायचं ते परक्याचं. बशीरभाई आधी हसला, त्याला वाटलं बाई थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघून हसू विरलं. त्यानं कमरेची किल्ली काढून शालिग्रामच्या हातात दिली.

“मोज रे,” तो म्हणाला. “चांगले मोज.”

शालिग्राम घामाघूम होईपर्यंत मोजत होता. लोखंडी सळई पोत्यात खुपसायची, खोबणीतून पेंड बाहेर काढायची, चिमटीत चुरडायची. शाहजादी दारात उभी राहून ते बघत होती. तिनं शालिग्रामला पाणी विचारलं, त्यानं खालमानेनं नको म्हटलं. परत आला तेव्हा त्याच्या आवाजात फोडणी नव्हती.

“पंधराशेच हायेत, बाई. एक कमी नाई, एक जास्त नाई. अन् सुके खडखडीत.”

यावर कुणीही गप्प बसलं असतं. पण चोर सापडला नाही की शोधणाऱ्याला तो फारच हुशार वाटायला लागतो. “पाह्यलं?” झुंबरबाई म्हणाली. “बरोब्बर पंधराशे! मलकापुरात कोनाचा आकडा कधी बरोब्बर निघते का? पयल्यापासून ठरवून ठेवेल हाये समदं.”

आणि दिंडीपाशी जाऊन तिनं बशीरभाईला सांगितलं, “नाई जमत, भाई. ज्याचा माल त्यानं पाहाव.”

बशीरभाईनं किल्ली पुन्हा कमरेला खोचली. “बरं,” एवढंच म्हणाला आणि वाकून पलीकडे गेला. त्या बाजूनं कडी लागल्याचा आवाज झाला होता का, हे बाईला नंतर कधीच आठवलं नाही.

मग धावाधाव सुरू झाली. दोन हजार पोती कुठून तरी उभी करायची होती. उंद्रीचा एक व्यापारी छातीवर हात मारून म्हणाला, हजार आहेत. बाईनं निम्मं केलं, पाचशे धरली. गाडीतून उतरली दीडशे, आणि त्यातली पन्नास अशी ओली की पोत्याला हात लावला तर गरम लागे. दुसऱ्यानं आठशे सांगितली आणि आलाच नाही. बाजारचे आकडे निम्मे करून चालत होते तोवर ठीक होतं. आता कोण दुप्पट सांगतोय, कोण चौपट आणि कोण निव्वळ मजा बघतोय, हेच कळेना. पंधराशे सुकी खडखडीत पोती भिंतीपलीकडे होती आणि बाई बैलगाड्या धुंडाळत तालुके पालथे घालत होती.

वॅगनी लागायच्या आदल्या दिवशी टिपणीस माल तपासायला आला. वखारीत फिरला, पोती बघितली, हिशेब केला आणि गोंधळला.

“बाई, हा तर हजार-अकराशेच माल आहे. बाकीचा?”

झुंबरबाईनं शालिग्रामला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. आता काय व्हायचं ते होवो, पण कट कुणाचा ते आज कळलंच पाहिजे, असं तिनं ठरवलं होतं.

“माल मागून पाहू,” ती म्हणाली. “आधी मले सांगा. त्या दिशी टेसनावर बशीरभाईनं तुमच्या कानात काय सांगतलं?”

“बशीरभाई? ते उंच गृहस्थ?” टिपणीसला आठवून हसू आलं. “काय चिकट माणूस! एकच गोष्ट दहा वेळा विचारत होते. यंत्र निम्मं करतं का? मी म्हटलं, नाही करत. पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. मग म्हणाले, साहेब, हे आमच्या भाभीला तुम्ही स्वतः येऊन सांगा.”

“मले?”

“तुम्हालाच असणार. म्हणाले, तिचा माझ्यावर भरवसा आहे, पण ही गोष्ट नवी आहे, तिला शंका येईल. दिरांनी फार पोळलंय तिला. साहेबाच्या तोंडून ऐकलं तर तिला रात्री झोप लागेल. मी म्हटलं, अहो, माझी गाडी आली. तर डब्याची खिडकी सोडेनात. पुढच्या गाडीनं जा, माझ्या घरी जेवा, पण तिला सांगून जा. मला त्या दिवशी थांबता आलं नाही.”

बाई पेंडीच्या पोत्यावर बसली. तिनं विचारलं, “मंग मले तीन हजार काऊन देल्ले?”

“तुम्ही मागितले म्हणून.”

“नुसते मागितले म्हनून?”

“यंत्राला संशय घेता येत नाही, बाई. तेवढं अजून कुणी शिकवलं नाही त्याला. मोठा माल आधी बसवायचा, मग उरलेल्या जागेत लहान लहान, एवढं त्याला शिकवलंय. गाडीत आधी मोठी पोती रचतो, तसंच. तुमचे तीन हजार आधी बसले. मग त्यांच्या पंधराशेंना जागाच उरली नाही.”

म्हणजे कुणाचा कट नव्हता. नसलेली दोन हजार पोती तिनं जहाजात चढवली होती, आणि त्या नसलेल्या पोत्यांनी बशीरभाईची असलेली पोती बाहेर ढकलली होती. तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकणारं जगात दुसरं कोणीतरी निघालं, आणि ते एक यंत्र होतं. पहिलं जे होतं त्याच्या वखारीत तिनं सळई खुपसायला माणूस पाठवला होता. झुंबरबाईला इतकी लाज वाटली की तिला टिपणीससमोर मान वर करता येईना.

“आता काय कराव, साहेब?”

“जहाज आता बदलत नाही. पण जागा तुमच्या नावावर आहे. कुणाची पोती भरायची ते तुम्ही ठरवा. चार-पाचशे कमी पडली तर मी आमच्या वरच्या साहेबांना सांभाळून घेईन.”

ती तडक दिंडीकडे गेली. दार ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं. पलीकडून कडी होती. इतक्या वर्षांत त्या दाराशी तिनं कधी हाक मारली नव्हती, आजही मारवली नाही. पदर खांद्यावरून घेऊन ती आपल्या मोठ्या फाटकातून रस्त्यावर आली आणि भिंतीला वळसा घालून बशीरभाईच्या मोठ्या फाटकातून आत शिरली. गिऱ्हाईकं जातात तिथून.

बशीरभाई बैठकीवर होता. तिला बघून उठून उभा राहिला.

“या, बाई,” तो म्हणाला. “बसा.”

बाई. भाभी नाही. झुंबरबाईनं ते ऐकलं. गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या बाकावर ती टेकली. बशीरभाईनं हमालाला हाक मारून समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. तो आला कपबशीतून. शाहजादी आतल्या दारापर्यंत आली, पदर डोक्यावर सारखा केला, कशा आहात विचारलं आणि परत गेली.

“चुकलं माहं, बशीरभाई,” बाई म्हणाली. शब्द तिनं वाटेत जुळवून ठेवले होते. “साहेबानं समदं सांगतलं मले. तुमी टेसनावर कायले गेलते थे. माह्यापाई गेलते. अन् मी तुमच्यावरच...”

“होते असं धंद्यात,” बशीरभाई म्हणाला. आवाज मऊ होता, राग कुठेच नव्हता. राग असता तर बाईला बरं वाटलं असतं. भांडून तरी घेता आलं असतं.

“माल देता का मंग? जागा रिकामी जाऊन राह्यली.”

“देतो ना. तुमचीबी सोय, माहीबी सोय. ठेवून त्याचं काय करू? सकाळी वॅगनीले लावून देतो.”

काम झालं होतं. गिरणी वाचली होती, पेंड वाचली होती, कंपनीत नाव राहिलं होतं. बाईनं उठायला हवं होतं. पण ती उठली नाही. गार होत चाललेला चहा तिनं बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. एक गोष्ट विचारायची राहिली होती. विचारायची गरज नव्हती, शालिग्रामनं एकेक पोतं मोजलं होतं. तरी तिला ते बशीरभाईच्या तोंडून ऐकायचं होतं. दरवर्षी दिंडीत उभा राहून, कंबर धरून तो सांगे, तसं.

“किती पोते हायेत, भाई?” तिनं विचारलं.

बशीरभाईनं तिच्याकडे बघितलं. मग समोरच्या रस्त्याकडे बघितलं. आणि खामगावच्या, अकोल्याच्या, कुठल्याही येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला सांगतो त्याच साध्या, गोड आवाजात तो म्हणाला,

“तीन हजार.”

झुंबरबाईनं मान हलवली. बाजारात हलवतात तशी. आणि मनातल्या मनात निम्मं केलं.